तांदळाच्या काट्यावरची अक्का

आमची अक्का दर रविवारी सकाळी तांदळाच्या दुकानात जाऊन स्वतःला जोखून घ्यायची. घरी मी दिलेला काचेचा वजनकाटा होता, पण तिचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "पाय जरा इकडं सरकवला की अर्धा किलो कमी दाखवतो. असल्या गोडबोल्याचं काय ऐकायचं?" बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या त्या दुकानातला पोती जोखायचा काटा मात्र सरकारी शिक्क्याचा होता. अक्का चपला काढून त्या लोखंडी फळीवर चढायची, पदर सावरून समोर बघत उभी राहायची, आणि दुकानदार शेट्टी तिचं वजन कन्नडमध्ये इतक्या खणखणीत आवाजात सांगायचा की बाहेर उभ्या रिक्षावाल्यालाही कळावं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मला वाटायचं, पण मी पुण्याची, मला बऱ्याच गोष्टींत वावगं वाटतं.

मी अक्काच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. नोकरी पार शहराबाहेर इलेक्ट्रॉनिक सिटीत आणि घर बसवनगुडीत, हा काय वेडेपणा, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. खरं सांगायचं तर घर बघायला गेले तेव्हा दार उघडणाऱ्या बाईने नाव-गाव विचारायच्या आधी "जेवलीस काय गे?" असं विचारलं, आणि मी तिथेच गार झाले. अक्का मूळची बेळगावची. बँकेत अधिकारी होती, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. तिकडच्या बायका बोलतात तसं ती स्वतःबद्दल "मी जातो, मी येतो" असंच बोलायची. मी पहिल्या दिवशी "अहो अक्का" म्हटलं, तर म्हणाली, "अक्काला कोण अहो म्हणतंय? अगं म्हण, न्हाईतर भाडं वाढवतो." तेव्हापासून अगं.

वजनाचं हे सगळं प्रकरण तिच्या भावासाठी होतं. विजू तिच्याहून बराच धाकटा, बेळगावात शाळामास्तर. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तसं अक्काने त्याला डायलिसिससाठी आपल्याकडे आणलं, बायकोसकट. बायकोने किडनी द्यायची तयारी दाखवली, पण तिला शुगर निघाली, ती बाद झाली. मग अक्काची तपासणी झाली. रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. फक्त डॉक्टर म्हणाले, "तुमचं वजन फार आहे. पंचाहत्तरवर आणा, मग टेबलावर घेतो." अक्का तेव्हा नव्वदीच्या घरात होती. "तेवढंच न्हवं?" ती म्हणाली. एखाद्या कर्जाच्या अर्जाला एक झेरॉक्स कमी पडावी, असा तिचा सूर होता.

आणि सुरुवातीला झालंही तसंच. भात बंद, साखर बंद, सकाळ-संध्याकाळ बागेत चालणं, जरीकाठाच्या साडीखाली पांढरे बूट. वजन भराभर उतरलं. ब्याऐंशीला आलं आणि तिथे बसलं. एक रविवार गेला, दुसरा गेला, महिना गेला, दुसरा महिना लागला. शेट्टी दर रविवारी तोच आकडा सांगायचा. पुढेपुढे त्यालाच बिचाऱ्याला लाज वाटायला लागली आणि तो पुटपुटायला लागला, तर अक्का त्याच्यावरच खेकसली, "मोठ्यानं सांग की! हळू सांगितलास म्हणून वजन उतरतंय काय?"

तिचा धीर सुटू नये म्हणून मी मोबाइलवर तिला एक सुविचार पाठवला. डोंगर, मागे सूर्योदय, आणि खाली हार मानू नका, यश तुमच्या जवळच उभं आहे, अशा अर्थाचं काहीतरी. संध्याकाळी तिने चष्मा लावून तो मला परत वाचून दाखवला. "हे कोण लिहिलंय?" म्हटलं, माहीत नाही. "त्याला भाऊ हाय काय?" म्हटलं, तेही माहीत नाही. "मग त्याला कशाला त्रास द्यायचा," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि बूट घातले. त्यानंतर मी तिला काहीही पाठवलं नाही, तिच्या शेजारून नुसती चालत राहिले. बागेतल्या बायका तिला बघून कौतुकाने "सण्ण आगिद्दीरा!" म्हणायच्या, म्हणजे किती बारीक झालात हो! "शेट्टीला जाऊन सांगा," अक्का म्हणायची आणि पुढे जायची.

दुसरी पंचाईत लोकांच्या आग्रहाची. हळदीकुंकू, वास्तुशांत, कुणाच्या नातवाचं बारसं. अक्काला सगळीकडून बोलावणं असायचं, आणि समोर आलेल्या वाटीला नाही म्हणणं तिच्या जन्मात कधी घडलं नव्हतं. तिने यावर तोड काढली. पर्समध्ये स्टीलचा डबा ठेवायचा आणि जे समोर येईल ते "विजूला नेतो" म्हणून त्यात भरायचं. विजूसाठी म्हटलं की कुणी आग्रह करत नसे, उलट आणखी दोन घालत. आता विजूला किडनीचं पथ्य, त्याला यातलं काहीच चालायचं नाही. टाकायचं तर पाप. तेव्हा तो डबा जिना चढून माझ्याकडे यायचा. त्या वर्षी अक्काच्या घरातलं एकूण वजन होतं तेवढंच राहिलं, फक्त त्यातलं काही वरच्या मजल्यावर गेलं. माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर "बेंगळुरूचं हवापाणी मानवलं गं तुला" असं म्हटलं, ते मी कौतुक म्हणून घेतलं.

इकडे विजूचं मात्र काही ठीक नव्हतं. डायलिसिस करून आला की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. पायांवर सूज, चार पावलांत धाप. डॉक्टरांनी अक्काला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयावर ताण येतोय, फार दिवस काढू नका, आणि एकदा आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना भेटून घ्या. मी रजा टाकून सोबत गेले. मला त्या दिवसांत भयंकर भीती वाटायची. आपण कुणाच्या तरी मरणाची वाट किलोकिलोने मोजतोय असं वाटायचं.

आहारतज्ज्ञ म्हणजे पंचविशीतली एक गोड मुलगी होती. तिने कन्नडमध्ये एकेका वाराचं जेवण विचारायला सुरुवात केली. सोमवार झाला, मंगळवार झाला. बुधवारी तिने मान डोलावली.

"गुरुवारी काय खाता?"

"गुरुवारी काही न्हाई. उपवास असतो."

"शनिवारी?"

"काही न्हाई. संकष्टीला न्हाई, दोन्ही एकादशींना न्हाई."

मुलगी घाबरली. "मॅडम, इतके दिवस उपाशी?"

"उपाशी कशाला?" अक्काला राग आला. "उपवास म्हणलो की!"

"म्हणजे मग काय खाता?"

अक्काने सांगायला घेतलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट आणि तूप सढळ, कारण त्याशिवाय ती घशाखाली उतरत नाही. दुपारी वरीचा भात आणि दाण्याची आमटी, सोबत बटाट्याची भाजी. चारला रताळ्याचा कीस, न्हाईतर राजगिऱ्याचे लाडू. रात्री उरलेली खिचडी परतून, दह्याबरोबर. त्या मुलीचं पेन थांबलं. तिने अक्काकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "हे सगळं तुम्ही 'काही नाही'मध्ये धरता?"

आता गंमत अशी, की 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मला तिसरीपासून पाठ आहे. त्यातून गेले कित्येक गुरुवार मी स्वतः खाली बसून तिच्याबरोबर तीच खिचडी वाटी पुढे करकरून खात होते. पण उपवासाचं खाणं हे खाणं असतं, असं आमच्या दोघींच्याही घराण्यात आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. जेवलीस का विचारलं तर भरल्या पोटाने "नाही, आज उपवास आहे" असंच आम्ही सांगतो आणि समोरच्यालाही ते पटतं.

येताना रिक्षात बसलो. मी म्हटलं, "अक्का, सुटलं की कोडं! आता उपवास सोडून दे."

"सोड म्हणायला तुझं काय जातंय?" ती म्हणाली. "विजूसाठी धरल्यात ते उपवास. सोडला आणि त्याला कायतरी झालं, तर मी काय करू?" आणि तिने तोंड बाहेर वळवलं. अक्काला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बँकेत लोक तिला घाबरायचे, तो शेट्टी घाबरायचा, मी तर भाडेकरूच होते. मी तिचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

पुढचा गुरुवार तिने पाळलाच. खिचडी केली, ताटात घेतली आणि नुसती बघत बसली. धरावं तर वजन उतरत नाही, सोडावं तर देव रागावतो. विजू आतल्या खोलीत पडून होता. त्याला मी तोवर सगळी हकिगत सांगितली होती. त्याने आतून हाक मारली, "अक्का."

"काय रे?"

"माझ्यासाठी तू एवढी खिचडी खाल्लीस, हे मला ठाऊकच न्हवतं."

मला हसू फुटलं, त्याची बायको तोंडाला पदर लावून आत पळाली. अक्का हसली नाही. "देवाला काय सांगायचं ते मी सांगतो," विजू पुढे म्हणाला, धाप लागत होती म्हणून थांबत थांबत. "तू तेवढं किडनीचं बघ. मला अजून जगायचं हाय गं." अक्का उठली, ताट तसंच ठेवून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला गणपतीच्या देवळात घेऊन गेली. आपल्याकडे काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट कायमची सोडायची पद्धत आहे. आमच्या एका काकांनी तिथे कारलं सोडलं होतं, जे त्यांनी आयुष्यात कधी तोंडात घातलं नव्हतं. अक्का हात जोडून स्पष्ट आवाजात म्हणाली, "देवा, काशीला यायला आता सवड न्हाई, इथंच सोडतो. साबुदाणा सोडला. वरी सोडली. रताळी, राजगिरा सोडलं. गुरुवारी-शनिवारी आता भाकरी आणि दोडक्याची भाजी खाणार. दोडका मला आवडत न्हाई, तुला ठाऊक हाय, तर तोच उपवास म्हणून धर." मग जरा थांबून, "शेंगदाण्याचं मागनं बोलू."

बाहेर पायरीवर बूट घालताना ती म्हणाली, "खरं सांगू तुला? उपवासाचा वार आला की मला पहाटेपासनंच बरं वाटायचं. भावासाठी करतो म्हणायचं आणि खिचडी खायची. त्याच्यासाठी म्हणून कायतरी खरंच सोडलो ते आज." आणि डोळे पुसून म्हणाली, "चल, फेऱ्या राहिल्यात."

पहिल्या गुरुवारी भाकरी खाताना तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. उपवासाच्या दिवशी जेवताना कुणी बघू नये, म्हणून. आणि इतकं करूनही वजन लगेच हललं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने कधी वजन कमी केलेलं नाही. पुढचे दोन रविवार तोच आकडा आला. मी खचले, शेट्टी खचला. अक्का घरी येऊन दोडके चिरायला बसली. "बसलंय तर बसू दे," ती म्हणाली, "त्याला उठवायला मी कुठं रिकामा हाय?" तिसऱ्या रविवारी काटा हलला. शेट्टीने आकडा सांगितला तो रस्त्यापलीकडच्या फुलवालीने ऐकला आणि तिने अक्काला मोगऱ्याचा गजरा आणून दिला.

वजन पंचाहत्तरच्या अजून थोडं वरच असताना विजूला एकदम इस्पितळात ठेवावं लागलं. अक्काने डॉक्टरांना गाठून अगदी गंभीरपणे विचारलं, "किडनी काढल्यावर तिचं वजन माझ्या वजनातनं वजा होणारच न्हवं? मग ते आधीच धरा की." डॉक्टरही न हसता म्हणाले, "किडनी पाव किलोसुद्धा भरत नाही हो." अक्काचं तोंड उतरलं. एवढ्याशा वस्तूसाठी एवढं सगळं, असं तिला वाटलं असावं. मग डॉक्टरांनी कागद पुन्हा बघितले, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चालेल. करू."

आता अक्का निवृत्त होऊन बेळगावला गेली आहे. मी बसवनगुडी सोडून ऑफिसजवळ राहायला आले आहे. इथे वेळ वाचतो, आणि दार उघडून जेवलीस काय असं कुणी विचारत नाही. तिची आठवण आली की मला दिसतो तो ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस.

नवी किडनी चालली की नाही हे कळायची खूण एकच, रोग्याला लघवी होते की नाही. विजूला कित्येक महिन्यांत थेंबभर झाली नव्हती. अक्काने सकाळपासून नर्सला भंडावून सोडलं होतं, "माझं सोड, त्याला झाली काय?" शेवटी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून मी आणि विजूची बायको त्याच्या खोलीच्या काचेपाशी घेऊन गेलो. तो आत पडला होता, नाकातोंडात नळ्या. अक्का त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती खाटेखाली लटकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीकडे बघत होती. पिशवी पिवळीधमक भरली होती, आणि आम्ही बघत असताना आणखी भरत होती.

अक्काने दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले. मग विजूच्या बायकोने जोडले. मीही जोडले. आम्ही तीन शहाण्या बायका लघवीच्या पिशवीला नमस्कार करून ढसाढसा रडत होतो. आत विजूने डोळे उघडले, काचेतून आम्हाला पाहिलं आणि त्याला वाटलं, नमस्कार आपल्यालाच आहे. त्याने सलाइनचा हात कसाबसा उचलला आणि थोरल्या बहिणीला आशीर्वाद दिला.