रघुअण्णाची अळंबी आणि आईंच्या बरण्या

किस्से काही शोधायला जावं लागत नाही. रघुअण्णासारखा एक मित्र असला की ते आपोआप साचतात! अण्णा आमच्या शाळेत सायन्स शिकवायचा, राहायचा मळमड्डीत. लढाईच्या दिवसांत त्याने घरी अळंबी पिकवायचं मनावर घेतलं. उकडलेला जोंधळा काचेच्या बरणीत भरायचा, त्यात पुण्याच्या मित्राने पाठवलेलं बियाणं टाकायचं आणि दाण्यांवर पांढरंशुभ्र जाळं पसरलं की ते पेंढ्यात पेरायचं. बरण्या अण्णाच्या आईंच्या, लोणच्याच्या. “कैऱ्या येईपर्यंत काय ते कर,” असं त्यांनी बजावलं होतं.

*

पहिल्या बरण्या भलत्याच बुरशीने हिरव्यागार झाल्या. शेजारचे बसप्पा डोकावून आपल्या कानडी मराठीत म्हणाले, “एन्री मास्तर, बुरशीसाठी एवढी खटपट? आमच्या घरी फुकट येते की!”

अण्णा दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही.

*

पुढच्या खेपेला त्याने कापसाची बुचं लावून बरण्या चांगल्या वाफवून काढल्या. स्टाफरूममध्ये हे ऐकून हेडमास्तर म्हणाले, “एवढी बडदास्त तर सासुरवाडीला माझीसुद्धा कुणी ठेवली नाही!”

*

त्याही नासल्या, कारण येणारा-जाणारा बूच काढून बघायचा. अण्णाने ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी लावली. मग तर ज्यांचं लक्ष नव्हतं, तेही बघू लागले. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, “मी कुठे उघडली? नुसता वास घेतला!”

*

शेवटी एकाच बरणीपुरतं बियाणं उरलं, आणि बाजारात कैऱ्या आल्या. अण्णा अगदी खचला होता. घरात कुणाचा हात लागत नाही अशी जागा एकच, आईंची सोवळ्याची फळी. आई तर कांदा-लसूणही न शिवणाऱ्या!

“काय आहे त्यात?” बरणी घेऊन आलेल्या अण्णाला त्यांनी विचारलं.

अण्णाला खोटं बोलवेना. “अळंबी.”

आईंनी फळीवरचा डबा बाजूला सरकवला. “ठेव. पण आता तूसुद्धा शिवायचं नाहीस!”

*

एका सकाळी मी त्यांच्याकडे लोणच्यासाठी कैऱ्यांची करंडी घेऊन गेलो, तेव्हा आईंनीच अण्णाला हाक मारली. बरणी तळापर्यंत पांढरी झाली होती. अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, माझ्याही.

आई करंडीकडे बघून मला म्हणाल्या, “या कैऱ्या बसप्पाकडे देऊन ये. रघू, मोठी बरणी घासून उन्हात ठेवलीय. जोंधळा कधी उकडू?”