मॅडमचा कागद

मशीन उघडण्याआधी ते तिला कान लावत. एक हात वर करून सगळ्या ऑफिसला गप्प करत आणि म्हणत, "थांबा जी, बोलून राहिली ती." मग छताचा पंखा बंद व्हायचा, मेश्रामबाई टायपिंग थांबवायच्या आणि फोनवर असेल त्याने फोन तळव्याने झाकायचा. अर्धा मिनिट कॅबिनेटला कान लावून झाला की निदान यायचं, "आतल्या पंख्यात धूळ आहे. बाकी तब्येत चांगली आहे तिची."

आमच्या शाळेच्या ऑफिसात चार कॉम्प्युटर होते आणि त्यांची देखभाल या गृहस्थांकडे होती. त्यांचं दुकान मनीषनगरात होतं, वय पंचावन्नच्या आसपास. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणत असू. मी तिथे ऑफिस अधीक्षक आहे. दाखले, अर्ज, शिक्षण खात्याची पत्रं आणि चार कॉम्प्युटर वेळच्या वेळी चालते ठेवणं हे माझं काम.

भाऊंच्या पिशवीत कुठलंही भारी यंत्र नसायचं. दोन स्क्रू ड्रायव्हर, धूळ झाडायला रंगाऱ्याचा ब्रश आणि शाळेतली मुलं वापरतात तो पांढरा खोडरबर. कॉम्प्युटर सुरू झाला नाही की ते आतली बोटभर रॅमची पट्टी काढत, तिची सोनेरी कड खोडरबराने घासत आणि परत बसवत. दहापैकी सात वेळा मशीन चालू व्हायची. "पोरं चुका खोडतात, मी मळ खोडतो," एवढाच विनोद त्यांच्याकडे होता आणि तो ते दर वेळी नव्याने करत.

मतं मात्र भरपूर होती, आणि विचारलं नाही तरी मिळायची. अँटीव्हायरसबद्दल म्हणत, "पहारेकरी ठेवा, पण इतका जाडा काहून ठेवता? दारात बसला तर घरचेच आत येऊ शकत नाहीत." स्क्रीनमागेच सगळं बसवलेले नवे सपाट कॉम्प्युटर त्यांना आवडत नसत. "ज्याचं झाकण स्क्रूनं उघडत नाही तो सीलबंद डबा झाला, मॅडम. त्याले कॉम्प्युटर म्हणू नका." नव्या, बिनआवाजी डिस्कबद्दल तर त्यांना रागच होता. "जुनी डिस्क मरायच्या आधी महिनाभर कुरकुरते. सांगते तरी. ही चुपचाप मरन, आणि तुमाले सकाळी मालूम पडन." विंडोजमध्ये सात नंबर उत्तम, त्यापुढचे सगळे दिखाऊ. लिनक्स चांगलं, पण शाळेत चालणार नाही, कारण "फुकट आहे म्हटलं की लोकांले भरवसा वाटत नाही."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस येऊन गेला असेल. त्याच्या मतांना आपण हसतो आणि मशीन अडली की त्यालाच फोन करतो.

उन्हाळ्यात त्यांचं आणि मेश्रामबाईंचं युद्ध चालायचं. बाई आमच्या वरिष्ठ लिपिक. कूलरचा झोत त्यांना थेट अंगावर लागतो, आणि त्यांच्या अंगावर म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवर. भाऊ आले की आधी कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवत.

"भाऊ, माणसं मरून राहिली इथं गरमीनं!"

"माणूस घाम पुसून घेते, बाई. या मशीनले दमट हवा लागली तर आत गंज धरते. तिले पुसाले कोण येईन?"

"तुम्ही या ना. तुमाले त्यासाठीच ठेवलं आहे."

भाऊ जाताच बाई कूलर पुन्हा आपल्याकडे वळवत. पुढच्या भेटीत कॅबिनेटच्या पत्र्यावर बोट फिरवून भाऊ म्हणत, "बाई, तुमी फिरवला." कसं कळायचं कोण जाणे.

मी यादी करणारी बाई आहे. रोज सकाळी दहाला दिवसाची कामं एका कागदावर लिहून भिंतीवरच्या बोर्डाला लावते आणि झालेल्या कामापुढे टिक करते. भाऊंना या कागदाचं अपार कौतुक होतं. आल्या आल्या ते बोर्डापुढे उभे राहून तो वाचत. "मॅडमच्या कागदावर आहे म्हणजे झालंच समजा," असं ते माझ्यासमोर इतरांना सांगत आणि मला बरं वाटे. फक्त एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, आणि ती मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. जी कामं संध्याकाळपर्यंत मी हमखास करणार, त्यांच्यापुढे मी सकाळीच टिक करून टाकत असे. डोक्यावरचं ओझं कमी होतं. आणि ती कामं मी खरंच करत असे, एकोणीस वर्षं.

आता रजिस्टरांबद्दल. शाळा जुनी आहे. तिच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक विद्यार्थ्याची जन्मतारीख, जात, गाव, दाखल झाल्याचा दिवस असं सगळं लिहिलेलं असतं. कोणाला जात पडताळणीसाठी आजोबांची नोंद लागते, कोणाला वडिलांच्या जन्मतारखेचा पुरावा लागतो, आणि लोक आमच्या खिडकीशी येतात. पानं पिवळी पडून तुटू लागली होती. म्हणून मेश्रामबाईंनी दोन उन्हाळी सुट्ट्या बसून एकोणीस रजिस्टरं कॉम्प्युटरवर टाइप केली. भिंग घेऊन, ओळीखाली पट्टी धरून. कूलरचा झोत त्यांनी का वळवून घेतला, हे त्यात आलंच.

मग खात्याचं नवं पोर्टल आलं आणि ते सात नंबरच्या विंडोजवर उघडेना. संस्थेचे सचिव म्हणाले, नवी विंडोज टाका. भाऊंनी परोपरीने विरोध केला. "म्हातारीले जीन्स घालून राहिले तुम्ही, साहेब." शेवटी तयार झाले. बाईंची मशीन पूर्ण पुसून नवी विंडोज टाकायची होती, म्हणजे आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायला हवा. ते काम माझं. भाऊ दुपारी चारला येणार होते. सकाळी दहाला मी कागदावर लिहिलं, "रजिस्टर बॅकअप", आणि पुढे टिक केली. दोन वाजता, जेवणानंतर निवांत करणार होते.

भाऊ साडेअकरालाच आले. संध्याकाळी पुतणीच्या लग्नाला रामटेकला पोचायचं होतं, म्हणून. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी फोनवर होते, सचिवांशीच.

"मॅडम, बॅकअप?" त्यांनी दारातून विचारलं.

मी फोन न सोडता बोर्डाकडे बोट केलं. मी वेळेकडे पाहिलं नाही. कागदाकडेही नाही. सवयीने बोट गेलं, एवढंच. भाऊंनी टिक पाहिली. एरवी ते डिस्क स्वतः उघडून खात्री करत. त्या दिवशी म्हणाले, "मग झालंच," आणि खुर्ची ओढून बसले.

माझा फोन पंचवीस मिनिटं चालला. तो ठेवला तेव्हा मशीन पुसून झाली होती आणि तिच्यावर नवी विंडोज बसत होती.

मी कपाटातून डिस्क काढून त्यांच्या हातात दिली. त्या डिस्कवर मागच्या वर्षी उतरवलेली चार रजिस्टरं तेवढी होती. भाऊंनी ती जोडली, चार फायली पाहिल्या, डिस्क काढली, पुसली, पुन्हा जोडली. "बाकी पंधरा कुठं गेल्या?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. मेश्रामबाई खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या.

दुपारी सचिव आले. त्यांनी बोर्डावरचा कागद वाचला आणि म्हणाले, "मॅडमनं बॅकअप घेतलेला दिसतो. मग गेला कुठे?"

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. पण माझ्या कागदावर खोटी टिक असते हे सगळ्यांसमोर निघणार होतं, आणि माझ्याकडे त्या कागदाशिवाय दुसरं काही नव्हतं. मी खाली पाहत राहिले.

भाऊ म्हणाले, "साहेब, मी घाईत होतो. डिस्क लावताना माझ्याच हातून काही झालं असन."

लग्नाला ते गेले नाहीत. ती डिस्क आणि मशीनमधली डिस्क दोन्ही घेऊन दुकानात गेले, पुसलेलं परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर असतं, ते लावायला.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही कॉपी केली त्या फोल्डरचं नाव काय ठेवलं होतं जी? नावानं शोधलं तर लवकर सापडन."

इथेही बोलता आलं असतं. मी म्हणाले, "रजिस्टर पूर्ण." कधीच नसलेल्या फोल्डरला मी नाव दिलं.

"इंग्रजीत का मराठीत?"

"इंग्रजीत."

यानंतर आठ महिने, दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांचा फोन यायचा. "मॅडम, अजून नाही सापडलं, पण सोडलं नाही मी." एकदा म्हणाले, "दुसरं सॉफ्टवेअर लावलं आहे, चार दिवस चालन ते." एकदा म्हणाले, "मेश्रामबाईंले सांगा, होईन." मी "बरं" म्हणत असे आणि कामाच्या कागदाकडे परत वळत असे. मशीनमधल्या डिस्कवर नवी विंडोज बसली होती, तिथून चार-दोन तुटक्या ओळी निघाल्या. बाहेरच्या डिस्कवर तर शोधायलाच काही नव्हतं.

मार्चमध्ये त्यांचं काम दुसऱ्या एका कंपनीला दिलं गेलं. पत्र मी टाइप केलं. "सेवा समाधानकारक नसल्याने" हे शब्द सचिवांचे, पण बोटं माझी.

पुढच्या महिन्यात ते स्वतः आले. डिस्क रुमालात गुंडाळलेली होती. ती माझ्या टेबलावर ठेवून उभेच राहिले.

"माफ करा मॅडम. नाही सापडलं. दोन वर्षांची मेहनत होती बाईंची."

मी म्हणाले, "असू द्या भाऊ. होतं असं कधी कधी."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.

ते वाक्य मला पुढे गिळता येईना. जूनमध्ये मी मेश्रामबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी त्याले सांगा. माझं मग पाहू." सचिवांना लेखी दिलं. त्यांनी वाचून कागद परत केला. "मॅडम, आता नवीन माणूस येऊन राहिला ना? कशाला उकरता?"

मी भाऊंच्या दुकानावर गेले, तर तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकत होती. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, "त्यायनं बंद केलं ना दुकान. बुटीबोरीले कापडाच्या कंपनीत लागले, गेटवर. गाड्यांची नोंद करते. सकाळी सव्वासहाले चौकातून बस पकडते."

दुसऱ्या दिवशी सहाला मी चौकात होते. पंधरा-वीस माणसं उभी होती, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. भाऊ एका कडेला होते, खाकी शर्टात, हातात डबा. मला पाहून गडबडले. "मॅडम? कॉम्प्युटर बिघडला का?"

मी घरून चार मुद्दे लिहून नेले होते. तो कागद पर्समधून काढलाच नाही. सांगितलं, बॅकअप घेतलाच नव्हता. टिक आधी केली होती. फोल्डरचं नाव त्याच वेळी मनाने सांगितलं होतं. सचिवांना लेखी दिलं आहे.

त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही. मग विचारलं, "म्हणजे त्या डिस्कवर नव्हतंच?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, भाऊ."

ते रस्त्याकडे पाहू लागले. "मले वाटलं, माझा हात गेला," ते म्हणाले. "आठ महिने पाहिलं. मग म्हटलं, आता लोकांच्या मशीनीले हात लावणं बरोबर नाही. एखाद्या पोराचं प्रोजेक्ट जाईन, एखाद्या डॉक्टरचे रिपोर्ट जातील. म्हणून सोडलं."

मला रागाची अपेक्षा होती, तयारीही होती. ते रागावले नाहीत. "काही हरकत नाही" असंही म्हणाले नाहीत, आणि मी ते म्हणवून घेतलं नाही.

"तुमचा हात चांगला होता," मी म्हणाले.

बस आली. माणसं दाराशी जमली. आतून कोणीतरी ओरडलं, "काका, चढा ना! काय पाहून राहिले?"

ते दाराशी गेले. मग पायरीपाशी थांबून त्यांनी डबा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि तो मोकळा झालेला उजवा हात समोर धरून क्षणभर पाहिला, एकदा पालथा, एकदा उताणा. मागचे लोक ढकलू लागले. त्याच हाताने त्यांनी बसची दांडी धरली आणि ते वर चढले.