सशाचा पोळा

लोकांना जेवू घालणं हा माझा धंदा आहे. अमरावतीत कॉलेजच्या पोरापोरींचे डबे मी करते. कोणाला वांगं चालत नाही, कोणाला तेल कमी लागतं, कोण परीक्षेच्या दिवसांत अर्धा डबा परत पाठवतं, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. त्यामुळे आमच्याच घरातला ससा खाण्यापायी मरायला टेकला, तेव्हा मला त्याची दया कमी आणि राग जास्त आला.

ससा मुलीचा. तिनं हट्टानं आणला आणि पुढे शिकायला पुण्याला गेली. "आई, त्याला मुख्य गवत, बाकी सगळं थोडंथोडं," एवढं बजावून गेली. पिंजरा खालच्या खोलीत होता. त्याच खोलीत माझे सासरे, मामाजी, राहायला आले. मामाजींची शेती अकोटकडे. गुडघे गेले तशी त्यांनी शेती मक्त्यानं दिली, बैलजोडी विकली आणि पिशवी घेऊन आमच्याकडे आले. जन्मभर बैल पोसलेल्या माणसाच्या खाटेजवळ ससा ठेवला तर तो काय करणार? पोसणार.

मामाजींचे बैल म्हणजे गावात बघण्याची गोष्ट होती. सरकी, ढेप, गूळ, कशाची कमतरता नाही. तोच खुराक लहान मापात सशाला सुरू झाला. भिजवलेले हरभरे, भाकरीचा कुस्करा, गुळाचा खडा, संत्र्याच्या फोडी. शेजारपाजारचे आले की वरून बिस्किटं. ससा सगळं खायचा. गवताची जुडी मात्र तशीच पडून वाळायची.

"मामाजी, त्याले आधी गवत खाऊ द्या," मी म्हणायची.

"घरात एवढं असून जनावर नुसत्या गवतावर ठेवाचं? लोक काय म्हणतीन?"

"लोक काही म्हणत नाहीत. पोट त्याचं आहे."

"जनावर पोसणं तू मले शिकोतं का?"

मी डबे भरायला निघून जायची. ससा उशीसारखा गोल झाला. मामाजी त्याच्या पाठीवर हात फिरवून आल्यागेल्याला दाखवायचे, "पाहा, कसा भरला!"

मग पोळा आला. आमच्याकडे त्या दिवशी बैलाला पुरणपोळी भरवल्याशिवाय घरचं कोणी ताटावर बसत नाही. मी पूजेला मातीची बैलजोडी आणली होती. मामाजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी सणाच्या डब्यांत अडकले होते. खाली आले तर सशाच्या कपाळावर कुंकू, पुढे निरांजन, आणि तूप लावलेली पुरणपोळी निम्म्याच्या वर संपलेली.

"ह्या घरात आता हेच एक जनावर हाय," मामाजी म्हणाले. "मान त्याचाच."

त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की उरलेली पोळी मी गुपचूप उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ससा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. दात करकर वाजवत होता. हरभरा पुढे केला तर तोंड फिरवलं. ट्रे झाडायला घेतला, त्यात एकही लेंडी नव्हती. मी गॅसवरची भाजी तशीच बंद केली, टोपलीत ससा घातला, मामाजींना सोबत घेतलं आणि रिक्षा पकडली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "काय काय खातो?"

मी सांगायच्या आत मामाजींनी सगळा खुराक अभिमानानं सांगितला. पुरणपोळीसकट.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "आजोबा, सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत चावूनच ते झिजतात, आणि आतडंही गवतानंच चालतं. धान्य, गूळ, पुरण यांनी पोटात गॅस धरतो. सशाला उलटीही करता येत नाही. आतडं थांबलं की जीव जातो."

"वाचीन का?" मामाजींनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत लेंडी पडली तर आशा आहे."

इंजेक्शन झालं, कातडीखाली सलाईन दिलं. दिवसभर मी पाण्यात कालवलेला गवताचा भुगा बिनसुईच्या सिरिंजनं त्याच्या तोंडात कडेनं घालत राहिले. मामाजी ट्रेसमोर खुर्ची टाकून बसले. जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही. आग्रहानं काय होतं ते समोरच बसलं होतं.

दिवेलागणीला खालून हाक आली. "वं बाई! पडली! पडली!"

गेले. मिरीएवढी, वाकडी, एकच लेंडी. मामाजी तिच्याकडे असे पाहत होते की मला हसू आलं. मग मी स्पष्ट सांगितलं, "मामाजी, आजपासून याचं जेवण मी ठरवणार. मी सांगीन तेच आणि तेवढंच."

"ठरव," ते म्हणाले. एवढंच.

मी माणसांच्या जेवणाची शिस्त सशाला लावली. चोवीस तास पुढ्यात वाळलेलं गवत आणि स्वच्छ पाणी. रोज मूठभर पाला: कोथिंबीर, मुळ्याची पानं, कधी मेथी, आलटून पालटून. गाजराची एखादी चकती किंवा संत्र्याची लहान फोड, तीही रोज नाही. हरभरा, भाकरी, बिस्किट बंद. सुरुवातीला त्यानं पिंजऱ्याच्या जाळीवर दात घासून घर डोक्यावर घेतलं. मी ढिम्म हलले नाही. डब्यात शेपू पाहून रुसणारी पोरं मी सरळ केली आहेत, हा तर ससा.

अडचण गवताची होती. पावसाळ्यात वाळवलेल्याला बुरशी लागते. ते काम मी मामाजींना दिलं. आमच्या लेआउटमध्ये रिकामे प्लॉट पुष्कळ. ते काठी टेकत जायचे, हराळी आणि मारवेल कापून आणायचे, विषारी गाजरगवताची काडी न् काडी वेचून फेकायचे. उन्हं आली की गच्चीवर पसरायचं, ढग दिसले की गोळा करायचं. गुडघ्यांची कुरकुर मला कमी ऐकू यायला लागली. ससा हळूहळू वजनानं उतरला. दिवसभर करकर गवत चावायला लागला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं तेव्हा दात पाहून म्हणाल्या, "छान झिजलेत. असंच चालू ठेवा." माझ्या स्वयंपाकाला इतकी मोठी शाबासकी आजवर मिळाली नव्हती.

पुढचा पोळा आला. मी डबे भरता भरता एक कान खाली ठेवून होते. मामाजींनी सशाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि मारवेलची जुडी पुढे ठेवली. तेवढ्यात शेजारीणबाई ताट घेऊन आल्या. ताटात पुरणपोळी.

"काका, खास त्याच्यासाठी आणली."

मी जिन्यात थांबले.

"त्याले नको," मामाजी म्हणाले. "त्याचं जेवण येगळं हाय."

"सणाच्या दिवशी जनावराले उपाशी ठेवता का, काका?"

"उपाशी? ह्या घरात?" मामाजींचा आवाज चढला. "अर्ध्या कॉलेजले जेवू घालते माही सून. कोणाले काय चालते, थे तिच्याएवढं कोणाले समजत नाही. तिनं मना केलं म्हणजे मना."

लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या एका भाजीलाही त्यांनी बरं म्हटलं नव्हतं. मी खाली गेले नाही. वर येऊन पुढचा डबा भरला.

शेजारीणबाईंची पोळी मामाजींनीच खाल्ली. तूप मागून घेतलं.