कर्नलच्या नावातला श्री

भागीदार गेला तो माझ्याशी भांडून. "तू भाव पाडण्यात उस्ताद. आतलं काम तुला जमायचं नाही," असं म्हणून तो आमच्या सातपूरच्या गाळ्यातून बाहेर पडला. ते वाक्य मला अजून टोचतं.

आमचा धंदा बोलक्या डब्यांचा. कांदा व्यापाऱ्याच्या आवारात ट्रॅक्टर आला, नंबर टाकला, की डबा मोठ्यानं सांगतो, कोणत्या शेडला जायचं. आत छोटा कम्प्युटर, त्यावर लिनक्स. त्याचा कर्नल, म्हणजे सगळ्या यंत्रणेचा गाभा, भागीदारानं आमच्या गरजेपुरता छाटून बांधला होता. तो गेल्यावर जुनी साउंड कार्डं मिळेनाशी झाली. नवी मी घासाघीस करून आणली, पण त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, त्या कर्नलमध्ये नव्हता. डबा मुका झाला.

देवळ्याच्या व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं, "शेठ, उद्या दुपारपर्यंत बोलला तर ठेवतो. नाय तर तुमच्या जुन्या भागीदाराचा डबा लावतो."

हे मात्र मी होऊ देणार नव्हतो. कर्नलच्या त्याच आवृत्तीचा मूळ सोर्स कोड इंटरनेटवरून उतरवला, भागीदाराची सेटिंगची फाइल घातली, ड्रायव्हर बांधला. बांधताना एक तक्रार नाही. डब्यात चढवायला गेलो, तर मॉड्यूल, म्हणजे हा बांधलेला ड्रायव्हर, चुकीचं म्हणून नकार. पुन्हा बांधला, पुन्हा नकार. कार्ड विकणाऱ्याला फोन करून झापलं. तो शांतपणे म्हणाला, "एवढा भाव पाडून नेलंत, आता आवाजही मीच काढू का?"

मग संशय भागीदारावर गेला. जाताना यानंच खोडा घालून ठेवला असणार. हे मी बायकोला ऐकवत होतो. ती शिक्षिका, शाळा सुटल्यावर माझा जेवणाचा डबा घेऊन आली होती.

"आधी ओरडणं थांबवा. नकार देताना कम्प्युटरनं काय लिहिलंय?"

"वाचलंय. मॉड्यूलची आवृत्ती ही, कर्नलला हवी ती. आकडे सारखेच आहेत."

तिनं वह्या तपासतात तसं स्क्रीनवर बोट ठेवलं. "आकडे जुळतात. पण हव्या असलेल्या नावाला शेवटी इंग्रजीत श्री आहे. तुमच्याला नाही."

मी खुर्चीत बसलो. पहिला कर्नल बांधताना मीच अडून बसलो होतो, श्री लिहिल्याशिवाय माझ्या गाळ्यात नवं काम सुरू होणार नाही. भागीदार हसला होता आणि बांधणीच्या हुकमातच त्यानं कर्नलच्या नावाच्या शेवटी श्री जोडला होता. त्यामुळे सेटिंगच्या फाइलीत तो आलाच नाही. आता डबा श्री नसलेलं काही आत घेत नव्हता.

"म्हणजे खोडा तुमचाच," बायको म्हणाली.

"खोडा काय? श्रद्धा आहे ती."

"श्रद्धा असती तर याही वेळी लिहिलं असतंत."

श्री जोडून पुन्हा बांधला. या वेळी मॉड्यूल मुकाट्यानं चढलं. नंबर टाकला, आणि गाळाभर आवाज घुमला, "शेड नंबर चारला जा." आवाज भागीदाराचा. रेकॉर्डिंग त्यानंच केलं होतं. तो ऐकून बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं. छातीवरचा दगड उतरला, आणि जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी देवळ्यात डबा बोलल्यावर व्यापारी म्हणाला, "शेठ, हा तर त्याचाच आवाज हाय."

"आवाज त्याचा. बोलता मी केला," मी म्हणालो. "आता भाव पाडायचा नाही."