सकाळची मूठ

“मूठ वळा बघू,” असं म्हणून त्या मान खाली घालायच्या. रक्त काढणारी माणसं शीर शोधतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. या बाई आधी मूठ बघायच्या.

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका लॅबसाठी त्या घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करत. पन्नाशी उलटलेली, पाठीवर निळी सॅक, स्कूटरवर पायाशी बर्फाचा डबा. खरवईहून निघायचं आणि बदलापूर, अंबरनाथ उरकून साडेनऊच्या आत कॅम्प चार गाठायचं, हा नेम. बदलापुरातल्या मांजर्लीतलं आमचं घर पहिलं, साडेसहाचं. कारण माझ्या मधुमेही वडिलांना, आबांना, उपाशीपोटी रक्त देऊन सातला चहा लागतो.

“आली का डासीण?” आबा विचारत.

“डास आजार देऊन जातो आबा. मी नुसता कागद देते.”

“मग काय येणार कागदात?”

“मी रक्त काढते. रिपोर्ट डॉक्टर सांगतील.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसांना बोलतं करणं हा माझा व्यवसाय, मी पत्रकार. पण त्यांच्यापुढे माझीही डाळ कधी शिजली नाही. काम झालं की त्या आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच चहा घेत. दोन चमचे साखर घालून, आबांना दिसेल अशा बेताने.

माझी पत्नी सुलभा साड्यांना फॉल लावते. सगळी हातशिलाई. कॅम्प चारमधला एक सिंधी दुकानदार वर्षानुवर्षं तिच्याकडे गठ्ठे पाठवतो. त्या हिवाळ्यात ती गठ्ठे परत पाठवू लागली. “शेठ, डोळ्यांना त्रास होतो,” असं फोनवर सांगायची. “भाभी, चश्मा बनवा लो, पर टांका आपका ही चाहिए,” शेठ म्हणायचा. चष्मा तिच्या नाकावर आधीपासून होता आणि त्यातून तिला नीट दिसत होतं.

घरात वेगळीच तक्रार होती. बरण्यांची झाकणं सैल राहायची. “या घरात साखर फक्त मुंग्यांना,” आबा म्हणायचे, “मधुमेही माणसाचा नंबर त्यांच्यानंतरही नाही.” मीही सुलभाला दोनदा बोललो. ती हसून मुंग्या निवडत बसली.

एका सकाळी बाईंनी साखरेची बरणी ओढली तर झाकण हातात आलं. चहापत्तीच्या डब्याचंही तसंच. तेवढ्यात सुलभाने पातेलं उतरवलं. सांडशीने नाही, दोन्ही हातांत फडकी धरून. बाईंनी बरणी खाली ठेवली.

“वहिनी, मूठ वळा बघू.”

“माझी कशाला ताई? मला कुठे शुगर आहे?”

“वळा तर.”

मूठ अर्ध्यावर थांबली. बोटं तळहाताला टेकेनात. दोन्ही हातांची.

“किती वाजता वळते?”

“आठपर्यंत मोकळी होते. थंडी आहे ना.”

“आणि मे महिन्यात?”

सुलभाने हात मागे घेतले. मग हळूच म्हणाली, “सुई चिमटीतून सुटते ताई.” हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बाईंना मात्र तिने विचारताक्षणी सांगितलं.

“डॉक्टरांना दाखवा,” एवढंच बोलून बाई निघाल्या.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळचा. तिथे पोचेपर्यंत सुलभाचे हात दिवसभर राबून मोकळे झालेले. त्यांनी तपासून रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या. रिपोर्ट माझ्या फोनवर आला. आरए फॅक्टर निगेटिव्ह. “संधिवात नाही!” मी बाहेरच्या खोलीतूनच ओरडलो. आबांनी पेढे मागवले, अर्धा तरी मिळेल या आशेने. रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरांकडे जायची मला गरजच वाटली नाही.

पुढच्या खेपेला बाईंना पेढा दिला. त्यांनी तो हातातच ठेवला.

“वहिनी, मूठ?”

मूठ पूर्वीइतकीच वळली.

“कागद नॉर्मल आला हे बोटांना कुणी सांगितलं नाही वाटतं,” बाई म्हणाल्या. मी छापून आणलेला रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. “भाऊ, मी रक्त काढते. पण पेपर तुम्ही असाच वाचता का? एक ओळ?”

त्याच कागदावर, वरच्या बाजूला, ईएसआर आणि सीआरपीचे आकडे ठळक छापलेले होते. दोन्ही वाढलेले. शरीरात कुठेतरी सूज धुमसते आहे, एवढं त्यावरून कळतं. दुसऱ्यांच्या बातम्या ओळ न् ओळ तपासण्यात माझी हयात गेली. घरची बातमी मी मथळ्यावर सोडून दिली होती.

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. “वहिनी, उठल्याची वेळ लिहा. मूठ पुरती वळली की ती वेळ लिहा. रोज. आणि संधिवाताच्या डॉक्टरांना सकाळी दाखवा, संध्याकाळी नको.”

दुधाच्या हिशेबाचे चौकोन मुठीच्या वेळांनी भरले. उठले साडेपाच, वळली आठ दहा. उठले साडेपाच, वळली सात पन्नास. आबाही त्यात पडले. “वळली का गं?” हा प्रश्न चहाच्या आधी येऊ लागला. मी सुलभाच्या मागे न लागता बरण्यांची झाकणं लावू लागलो.

पंधरा दिवसांनी आम्ही ते पान फाडून कल्याणला संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, सकाळी नऊला. त्यांनी आधी कॅलेंडर वाचलं, मग रिपोर्ट. सुलभाचा पंजा बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला. ती कळवळली. दुसरा हात, तेच. अँटी-सीसीपी नावाची आणखी एक चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. “आरए फॅक्टर निगेटिव्ह असूनही हा संधिवात असू शकतो,” डॉक्टर म्हणाल्या. “सांधे अजून वाकडे झालेले नाहीत. वेळेत आलात. हे पान कुणी लिहायला सांगितलं?”

“रक्त काढणाऱ्या ताईंनी,” सुलभा म्हणाली.

डॉक्टरांनी ते पान फाइलमध्ये लावून घेतलं.

मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. पुढच्या खेपेला रक्ताच्या बाईंनी आल्या आल्या कॅलेंडरवरच्या सगळ्या रविवारांभोवती लाल गोल काढले. गोळीमुळे सुलभाचंही रक्त ठरावीक दिवसांनी तपासावं लागे. “एका घरात दोन गिऱ्हाइकं,” आबा म्हणाले, “डासीण माजली.”

आजार गेला नाही. तो जात नाही. पण ताब्यात आला. उन्हाळा संपता संपता शेठचे गठ्ठे पुन्हा येऊ लागले. “चश्मा अच्छा बना,” तो फोनवर म्हणाला. सुलभाने त्याला काही सांगितलं नाही.

आता बाई येत नाहीत. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या पनवेलला गेल्या आणि नातवाने त्यांना तिथेच ठेवून घेतलं. त्यांच्या जागी येणारी मुलगी चटपटीत आहे. तीही “मूठ वळा” म्हणते आणि शीर शोधते.

शेवटच्या सकाळी बाईंनी नेहमीसारखं आबांचं रक्त काढलं, मग सुलभाचं. चहासाठी साखरेची बरणी ओढली. झाकण निघेना. त्यांनी ओढणीत धरून फिरवलं. मी फिरवून पाहिलं. आबांनी चमचा घालून पाहिला.

“कुणी लावलंय हे?” बाईंनी विचारलं.

“मीच. रात्री,” सुलभा ओशाळून म्हणाली.

“मग तुम्हीच उघडा.”

सुलभाने बरणी पोटाशी धरली. सकाळचे पावणेसात. झाकण एका हिसक्यात सुटलं.

बाईंनी दोन चमचे साखर घेतली, चहा ढवळला आणि इतक्या महिन्यांत कधी न बोललेलं बोलल्या.

“वहिनी, रिपोर्ट चांगला आहे.”