लंगडीचा खटला

माझा पाय मोडला तेव्हा मी एकाच पायावर होतो, आणि तो नेमका तोच पाय होता.

जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ‘पंचेचाळिशीच्या पुढचे’ अशा गटाची लंगडी होती. (या गटात पुढे फक्त पोटं असतात.) मी तिघांना बाद केलं, चौथ्याच्या मागे उड्या मारत वळलो आणि मांडवाचा बांबू उपसल्यावर राहिलेल्या खड्ड्यात घोट्यापर्यंत गेलो. कट्ट असा आवाज झाला. लोकांना वाटलं फटाका!

सहा आठवड्यांचं प्लास्टर. ते बघायला बायकोचे मामा आले. मोरूमामा घमापुरात वकिली करतात. आयुष्यभर भाडेकरू आणि घरमालक यांच्यातच अडकलेला माणूस. माझं प्लास्टर बघून त्यांचे डोळे असे चमकले की मला पाय मागे घ्यावासा वाटला.

“जावईबापू, खड्डा कोणाचा?”

“मंडळाच्या मैदानातला.”

“मग भरपाई मंडळाची! नोटीस ठोकतो.”

“मामा, राहू द्या ना...”

“काहून राहू द्या? तुम्ही घरचे आहात, फीस घेणार नाही मी!”

सासरच्या माणसाला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही. मामांनी तिथल्या तिथे नोटीस सांगायला सुरुवात केली, कोर्टाच्या हिंदीत. “यह कि मेरे पक्षकार एक नियमित खिलाड़ी हैं...”

“कधीपासून?” स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

“यह कि उनका उज्ज्वल खेल-जीवन...”

बायकोला ठसका लागला. मी सही केली.

संध्याकाळी मुक्ता, म्हणजे आमची मुलगी, घरी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “बाबा, माझं लग्न कुठे आहे?”

“मंडळाच्या हॉलमध्ये.”

“और नोटिस किसको भेजा?”

माझ्या दोन्ही पायांतलं बळ गेलं. (एकात नव्हतंच.) तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच तारीख. पत्रिका छापून आलेल्या, दुसरा हॉल गावात शिल्लक नाही. आणि मुलीच्या बापानं मंडळालाच वकिलाची नोटीस पाठवलेली!

“आप भी ना, बाबा!” मुक्ता म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पत्रिकांचा गठ्ठा उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी मामांना फोन लावला. “मामा, थांबवा!”

“गेली! रजिस्टर्ड पोस्टानं. क्रीडा सचिवाच्या नावे टाकली, मैदान त्याच्याकडे असते म्हणून. पावती आहे माझ्याजवळ.” आवाजात अभिमान होता.

पुढचा आठवडा मी खिडकीत काढला. फोन वाजला की प्लास्टरच्या आत घाम फुटायचा, आणि तिथे पुसताही येत नाही. मंडळातल्या कुणीतरी पत्नीला विचारलं, “कसे आहेत भाऊजी?” तर मला ‘कसे’वर जोर दिल्यासारखा वाटला. रात्री बायको म्हणायची, “अहो, ग्वारीघाटावर मांडव घालू. नर्मदामाई कोणाला नाही म्हणत नाही.” ती थट्टा करत होती की खरंच सोय बघत होती, ते विचारायची हिंमत झाली नाही.

आठव्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष दातेकाका स्वतः आले. हातात लांबुडका, बंद लिफाफा.

“बसा काका,” मी म्हणालो. मीच उभा राहायला लागलो आणि पडलो.

“हे आलं मंडळात. घमापुरच्या कोण्या वकिलाचं दिसून राहिलं.”

मुक्ता पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघवत नव्हता.

“काका, मी सांगतो, हॉलचं मात्र...”

“हॉलचं काय? हॉल तुमचाच आहे. मी तर हे द्यायला आलो. क्रीडा सचिवाच्या नावानं आहे, मी फोडलं नाही. दुसऱ्याचं पत्र काहून फोडू?”

माझ्या जिवात जीव आला. “मग सचिवांना द्या ना!”

“अच्छा? तर मग काय करून राहिलो मी?”

त्यांनी लिफाफा माझ्या मांडीवर ठेवला.

वार्षिक सभेत माझी क्रीडा सचिव म्हणून सर्वानुमते निवड झाली होती. मी तेव्हा सर्वांसाठी खोव्याची जिलबी आणायला गेलो होतो. आमच्या मंडळात निवडणूक अशीच होते. जो उठून बाहेर जातो तो निवडून येतो. परत आल्यावर वहीत मी सहीही केली होती, जिलबीचा हिशेब असेल म्हणून.

“आणि तो बांबू,” काका जाता जाता म्हणाले, “तुम्हीच तर आदल्या दिवशी उपसायला लावला ना? लंगडीत मधे येतो म्हणे. खड्डा तेवढा बुजवायला पाहिजे होता, सचिवसाहेब.”

काका गेल्यावर मुक्ता इतकी हसली की पत्रिका हातातून सांडल्या. लग्न वाचलं होतं. मी विजयी मुद्रेनं मामांना फोन लावला.

“मामा, मिटलं! सचिव मीच निघालो.”

मामांनी एकदम कोर्टातला आवाज लावला, “उत्तर द्या.”

“कोणाला?”

“मला! पंधरा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर पुढची कारवाई करावी लागेल. नातं आपल्या जागी, केस आपल्या जागी, जावईबापू.”

त्यांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा खेळाडू पक्षकार मिळाला होता, ते सोडतात कशाला!

शेवटी मी उत्तर लिहिलं, मंडळाच्या लेटरहेडवर, क्रीडा सचिव या नात्यानं: ‘भरपाईची मागणी अमान्य आहे. तक्रारदाराचं वजन लंगडीला साजेसं नाही. शिवाय घटनेच्या वेळी तो जमिनीकडे बघत नव्हता. आपली बायको आपल्याकडे बघते आहे का, हे तो बघत होता.’

खाली साक्षीदाराची सही हवी होती. बायकोनं सगळं नीट वाचलं, पेन घेतलं आणि सहीच्या वर आपल्या हातानं एक ओळ वाढवली:

‘मी बघत नव्हते.’