भागाबाई आणि इडिओपॅथिक

जामनेरकडच्या त्या खेड्यात अर्धं गाव भागाबाईच्या हातावर जन्मलेलं. बाळंतीण अडली की हाक तिलाच. पण सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात लताबाईच्या लहानग्या मंदाला झटके येऊ लागले, आणि पोरीचा मोठा काका जीवराम भर चौकात ओरडला, "ही जन्मली तव्हाच या बाईनं काहीतरी चाटवलं. करणी हाये!"

त्या दिवसापासून भागाबाई दिसली की बाया लेकरं पदराखाली ओढून घेत. तिच्या दारावर दगडही पडले.

शेवटी लताबाई म्हणाली, "जळगावच्या डॉक्टरले दाखवू." जीवरामनं अट घातली: भागाबाईनं संग यायचं. डॉक्टरला कारण सापडलं नाही, तर तिनं गाव सोडायचं.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मेंदूचा आलेख पाहिला. "फेफरं आहे. इडिओपॅथिक."

"म्हंजे?" जीवरामनं विचारलं.

"म्हणजे कारण सापडलं नाही."

जीवराम ताडकन उठला. "ऐकलं? आता बोल!"

भागाबाई खुर्चीला धरून उभी राहिली. "डॉक्टरसाहेब, त्या शब्दाचा अर्थ इतकाच? नीट फोडून सांगा. माह्या घरादाराचा सवाल हाये."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "शब्द ग्रीक आहे, बाई. इदिओस म्हणजे स्वतःचं. पाथोस म्हणजे सोसणं, दुखणं. दुसऱ्या कशातून न आलेल्या, आपलं आपण उपजलेल्या दुखण्याला जुने वैद्य हे विशेषण लावत. पुढे कारण कळेना अशा आजारालाही तेच चिकटलं."

"म्हंजे कळत नाहीच ना!" जीवराम गरजला.

"मला कळत नाही, खरंय. पण विषबाधेची खूण मी शोधली, ती नाही. हे पोरीच्या अंगातलंच आहे. कोणी घातलेलं नाही."

मग लताबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. थोरल्या दिराला ती आजवर कधी उलट बोलली नव्हती.

"नाना," ती जीवरामला म्हणाली, "पोरीचं सोताचं हाये. भागाअक्काचं नाही."

जीवराम दार आपटून बाहेर गेला. परतीच्या एसटीत तो पुढं एकटाच बसला. मागच्या सीटवर लताबाईनं झोपलेली मंदा भागाबाईच्या मांडीवर दिली. पोरीला उठवायला नको म्हणून भागाबाई गाव येईपर्यंत हललीसुद्धा नाही.

गोळ्यांनी झटके कमी झाले, मंदा शाळेत जाऊ लागली. दगड थांबले, कुजबुज मात्र राहिली. काही घरं भागाबाईला बोलावत, काही थेट जामनेरचा दवाखाना गाठत. जीवराम तिच्याशी पुढं कधी बोलला नाही. गाव सोड, असंही पुन्हा म्हणाला नाही.